हुनर वाया जात नाही

आमचे अब्बा कातिब होते. छापखान्यासाठी उर्दू मजकूर हाताने लिहून द्यायचे. संगणक आला आणि काम थांबले. त्यांनी कलम धुऊन कपाटात ठेवले, ते पुन्हा बाहेर काढलेच नाही. जर्मनीतल्या फ्रांझ हान्फश्टेंगल यांच्याविषयी वाचताना मला ते कपाट आठवले.

हान्फश्टेंगल यांचा जन्म १८०४ चा, बव्हेरियातील एका खेड्यातला. त्याआधी काही वर्षे अलॉइस झेनेफेल्डर यांनी म्युनिकमध्ये शिळाछापाची रीत शोधली होती. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाई फिरवायची. तेल-पाणी मिसळत नाही, म्हणून शाई फक्त चित्राला धरते. वर कागद दाबला की छाप तयार. आपली उर्दू पुस्तकेही कित्येक वर्षे याच रीतीने छापली जात. लखनौचा नवल किशोर छापखाना त्यासाठी नावाजलेला होता.

हान्फश्टेंगल म्युनिकमध्ये हे काम शिकले. त्यांनी नामवंतांचे इतके चेहरे दगडावर उतरवले की लोक त्यांना गमतीने ‘लिथोचे सरदार’ म्हणत. १८३३ मध्ये त्यांनी स्वतःचा शिळाछापखाना काढला. पुढे ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहातील सुमारे दोनशे चित्रे दगडावर उतरवून छापली. त्यात १८५२ पर्यंतची वर्षे गेली.

तोवर कॅमेरा आला होता. दगडावर ज्या चेहऱ्याला कित्येक दिवस लागत, तो आता थोड्या वेळात मिळू लागला. हान्फश्टेंगल रुसून बसले नाहीत. १८५३ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी फोटो स्टुडिओ उघडला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी एकाच व्यक्तीचे दोन फोटो मांडले: एक जसाच्या तसा, दुसरा निगेटिव्हवर हाताने बारीक दुरुस्ती करून काढलेला. लोक पाहत राहिले. दगडावर छाया-प्रकाश भरून तयार झालेली नजर काचेवरही कामी आली. पुढे संगीतकार फ्रांझ लिस्ट यांच्यासारखी माणसे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसली.

अब्बांच्या डोळ्यांत अक्षराचा तोल होता. संगणकावरचे पान त्यांनी किती देखणे मांडले असते! पण मी तेव्हा शाळेत होते, मला सुचले नाही. घरातल्या मोठ्यांनाही नाही. सगळे म्हणाले, “आता आराम करा.”

तुमच्या घरात कुणाचे काम असे थांबले असेल, तर एवढे करा. नवे यंत्र त्यांच्यापुढे ठेवा आणि थोडा वेळ शेजारी बसा.