समुपदेशकाच्या वेबसाइटवर काय हवे?
रात्री दोनला झोप उडालेला माणूस मदत शोधतो ती मोबाइलवरच. त्यामुळे खासगी समुपदेशकांनी वेबसाइट काढणे चांगलेच. पण अनेक वेबसाइटवर दिसतात ते सूर्योदयाचे फोटो आणि उपचार घेतलेल्यांचे गोडगोड अभिप्राय. ज्याच्यापाशी मन मोकळे केले, त्याने अभिप्राय मागितल्यावर नाही कसे म्हणायचे? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, तो संकोचापोटी सोडायला लावू नये. त्याऐवजी शिक्षण, फी, भाषा स्पष्ट लिहावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक द्यावा. संपर्काच्या फॉर्मला नाव-फोन पुरे. दुखण्याची हकिकत तिथे कशाला? आणि टेलि-मानसचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक पहिल्याच पानावर, ठळक हवा. समुपदेशक त्या वेळी झोपलेला असतो.