कपाटात आहे तेच नेसा

परवा व्हॉट्सॲपवर एक लग्नपत्रिका आली. वर गणपती, मग कुलदैवत, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आणि त्याखाली कपड्यांचं वेळापत्रक. मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, संगीताला ‘पेस्टल’, लग्नाला पारंपरिक, रिसेप्शनला ‘इंडो-वेस्टर्न’. कराडजवळच्या एका लॉनवर दोन दिवसांत पाच पेहराव. तळाला नेहमीची ओळ होतीच: ‘कृपया अहेर आणू नये.’ म्हणजे आम्हाला काही देऊ नका, पण येण्याआधी स्वतःलाच पाच वेळा अहेर करून या.

कपाट आवरण्याबद्दल या सदरात मागे लिहिलं, तेव्हा कपाटं तुडुंब भरण्याचा सगळा दोष बऱ्याच जणांनी मोबाइलवरच्या खरेदीवर टाकला होता. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मोबाइल फक्त दुकान उंबऱ्यापर्यंत आणतो. पिशवी घेऊन आपल्याला बाहेर काढतं ते कार्य. माझं माहेर तासगावकडचं, सासर साताऱ्याचं. दोन्हीकडची कपाटं मी उघडलेली आहेत. साडीला हात लावला की बाई रंग सांगत नाही, प्रसंग सांगते. ही अमकीच्या डोहाळजेवणाची, ती तमक्याच्या वास्तुशांतीची. रोज नेसायच्या मात्र त्याच चार.

‘आपल्याकडे लग्न म्हटलं की हे असंच चालायचं,’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कारण आपल्याकडे ते तसं चालत नव्हतं, आणि ही गोष्ट फार जुनीही नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे; १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्या जुन्या जिल्ह्यात १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. त्यालाच पत्री सरकार म्हणत, आणि ते नाव निघालं की आपल्याला पत्र्या ठोकणं आठवतं. त्याच प्रतिसरकारनं गावोगाव गांधी लग्नं लावली, ते मात्र सोयीनं विसरलं जातं. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही. अंगावर खादी, गळ्यात सुताचा हार, आलेल्यांच्या साक्षीनं लग्न. या रीतीची मुळं सत्यशोधकांपर्यंत जातात, आणि त्यांच्या जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे तीही पुन्हा आपल्याच मातीत. प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड आणि विजयाताईंचं १९४५ साली कुंडलला झालेलं लग्न याच रीतीचं.

आता कुणी तरी म्हणणारच की तेव्हा कापडच नव्हतं, तर मिरवणार कशात? खरं आहे. महायुद्ध चालू होतं, १९४३ मध्येच सरकारनं सूत आणि कापडावर नियंत्रण आणलं, आणि लोक लुगड्या-धोतरांसाठी रांगा लावत होते. पण टंचाई म्हणून माणूस साधेपणानं लग्न करतोच असं नाही. उसनवारी करतो, काळ्या बाजारातून आणतो, सावकाराकडे जातो. आपल्या भागात लग्नापायी जमिनी गहाण पडल्या त्या काही सुबत्तेच्या वर्षांत नव्हेत. गांधी लग्नानं केलं काय, तर साध्या कपड्याला प्रतिष्ठा दिली. त्या मांडवात भरजरी शालू नेसून आलेली बाईच अवघडली असेल.

मला त्या लग्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती दुसऱ्या दिवसाची. नवरदेवाच्या अंगावरचा खादीचा सदरा दुसऱ्या दिवशी सभेला चालायचा, धुऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा. लग्नाचा आणि जगण्याचा कपडा एकच. आजची शेरवानी दुसऱ्या दिवशी कुठे घालणार? एसटीत? बरं, ती भाड्यानं मिळते, लेहंगाही मिळतो, आणि शहाणी घरं तो भाड्यानंच आणतात. पण आणतात आणि लपवतात! हुंड्याचा आकडा चारचौघांत सांगणारी माणसं भाड्याच्या शेरवानीची पावती मात्र खिशात दडवतात.

साधेपणा सोडा, ज्यांना शालू हवाच होता त्यांचीही रीत वेगळी होती. लग्नातला शालू बाई पुढं तीस-तीस वर्षं प्रत्येक कार्याला नेसायची. लांबून पदर दिसला की ‘काकी आल्या’ असं कळायचं. बाजाराच्या दिवशी साताऱ्यात किंवा मिरजेत इरकल नेसलेल्या, खणाची चोळी घातलेल्या म्हाताऱ्या अजून दिसतात. काठ ठरलेला, पदर ठरलेला, रंग दोन-तीनच. त्यांना कुणी ‘स्टाइल’ शिकवलेली नाही, पण गर्दीत त्या ओळखू येतात. त्याउलट पिवळ्या हळदीतल्या शंभर पिवळ्या बायकांत मला माझी सख्खी नणंद सापडत नाही. ‘ही साडी त्या लग्नातलीच ना?’ हा प्रश्न आज टोमणा झालाय. त्याला ‘हो, तीच’ एवढं उत्तर ताठ मानेनं देता आलं की निम्मी खरेदी थांबते.

या सगळ्याच्या मुळाशी फोटो आहे, असं माझं मत आहे. पुरावा मागू नका. मांडवाच्या दारात नवरा-नवरीचा पंधरा फुटी फ्लेक्स लागतो आणि वर आमदार, खासदार, सरपंच ओळीनं हात जोडून उभे असतात. त्या पुढाऱ्यांचे कपडे मात्र बघण्यासारखे असतात. आजोबांच्या खादीची झालीय कडक इस्त्रीची लिनन. रंग पांढराच राहिला, किंमत तेवढी बदलली. या खरेदीला सरकारचाही हातभार आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्केच जीएसटी लागतो. आधी ही सवलत हजारापर्यंतच होती. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या काटकसरीला कुणी विचारत नाही.

‘तुम्ही खरेदी थांबवा म्हणता, मग विट्याच्या मागवाल्यांनी काय करायचं?’ हा सवाल मला नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पण लग्नासाठी घेतलेल्या त्या ‘पेस्टल’ जॉर्जेटचा विट्याशी काय संबंध? ढिगानं येणाऱ्या स्वस्त साड्या बहुतेक सुरतेच्या. विट्याचे माग अडतात ते सुताच्या दरावर आणि विजेच्या बिलावर. वर्षात चारच कपडे घ्या, पण कापड बघून, वीण हातात धरून घ्या, आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे शिवायला टाका. तयार कपड्यांपुढं जे शिंपी अजून टिकलेत, त्यांचं तेवढ्यानं बरं चालेल.

तुळशीचं लग्न झालं की ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांना एक विनंती. पत्रिका छापायला टाकताना ‘अहेर आणू नये’च्या खाली आणखी एक ओळ घाला: ‘कपाटात आहे तेच नेसून या.’ छापखानेवाला एका ओळीचे जादा पैसे घेत नाही. आणि ज्यांच्या हातात पत्रिका पडेल त्यांनी ओळ नसली तरी तसंच जावं. रंग चुकला म्हणून पंगतीतून अजून कुणी कुणाला उठवलेलं नाही.