मयताची गाडी हक्काने मागा

सोयगावकरांनो, आपल्या तालुक्यातलं माणूस गंभीर झालं की वाटा दोनच. एक जळगावची, दुसरी फर्दापूरवरून अजिंठ्याचा घाट चढून, सिल्लोड-फुलंब्री ओलांडत घाटी दवाखान्याची. जाताना १०८ ची गाडी मिळते, फुकट मिळते. २०१४ पासून तिने असंख्य जीव वाचवले. पण माणूस दवाखान्यात दगावलं तर १०८ मयत नेत नाही. ती जिवंतांसाठी आहे, आणि तसंच असायला हवं. मग घाटीतून परतीचे शंभरावर किलोमीटर कुणाच्या भरवशावर?

मोठ्या शहरातल्या कुठल्याही शवागाराबाहेर उभं राहून बघा, गाडीवाला म्हणतो: "कुठं जायचं? सोयगाव? घाट उतरायचा, परतीचं रिकामं भाडंबी धरावं लागंल." घासाघीस करायचं बळ कुणात असतं? औषधांत खिसा आधीच रिकामा झालेला. गावाकडून फोनवर फोन, "माती किती वाजता?" आणि घरच्यांना वेळ सांगता येत नाही, कारण मेव्हण्याने पाठवलेले पैसे अजून खात्यावर आलेले नसतात. कापूस वेचून पोट भरणाऱ्या घरावर अशा वेळी सावकाराचं कर्ज चढतं. दुःखाच्या घडीला माणसाला असं नागवणं मला सहन होत नाही. तुम्हालाही होऊ नये.

ही गत फक्त आपली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात आईबापांनी तापाने गेलेली दोन लेकरं खांद्यावर घेऊन पायी गाव गाठलं. जून २०२५ मध्ये मोखाड्याच्या एका बापाने नाशिकहून आपलं मृत बाळ पिशवीत घालून एसटीने आणलं. ओडिशात ऑगस्ट २०१६ मध्ये कालाहंडीचा एक आदिवासी बायकोचं प्रेत खांद्यावर घेऊन दहाएक किलोमीटर चालला, सोबत रडणारी मुलगी. देश हादरला, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांतून मयत मोफत घरी पोचवणारी, आधी नुसती जाहीर झालेली 'महाप्रयाण' योजना प्रत्यक्षात सुरू झाली. लोक बोलले म्हणून ती मार्गी लागली.

आपण भीक मागत नाही आहोत. माणसाचा सन्मान मरणानंतरही टिकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२१ मध्ये शववाहिकांच्या भाड्यावर लगाम घालायला राज्यांना सुचवलं. आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं नीट वाचा: रुग्ण योजनेत भरती असताना दगावला, तर मयत दवाखान्यातून गावापर्यंत पोचवणं हा पॅकेजचाच भाग मानलेला आहे. किती नातेवाईकांना हे कुणी सांगतं? म्हणून भरती करतानाच दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, नाव योजनेत चढलं का ते विचारा. वेळ आलीच तर गाडी त्याच्याकडेच मागा. दाद नाही मिळाली तर योजनेच्या १५५३८८ वर फोन लावा, तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

पण योजनेबाहेर राहिलेल्यांचं काय? तिथे गावानेच उभं राहायला हवं. गणपतीची वर्गणी आपण हसत देतो, सप्त्याची पंगत उठवतो. घरटी थोडे पैसे बाजूला टाकून मयतनिधी उभारणं सोयगाव, बनोटी, सावळदबारा, जरंडी, फर्दापूर यांना जड नाही. त्याचा हिशेब बचत गटाच्या बायांच्या हाती द्या, पैचा घोळ होणार नाही. तरीही सरकारची जबाबदारी सुटत नाही. तालुक्याला कायम एक शववाहिका हवी, डिझेल आणि ड्रायव्हरसकट, रात्री बारालाही निघणारी. रुग्णवाहिकांचे दर परिवहन प्राधिकरण ठरवतं. शववाहिकांचे दरही त्याने ठरवावेत आणि शवागाराच्या दारावर ठळक लावावेत.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. तरुणांनो, तुम्ही मांडा. मायबहिणींनो, तुम्ही अनुमोदन द्या. ठरावाची प्रत तहसीलदारांना, जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आमदारांना नेऊन द्या, आणि सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नका.