सेकंडहँड गाडीचं गाणं

मंडळी, आज जरा वेगळाच विषय. भावगीतांवर आणि नाट्यसंगीतावर पोसलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेने अमेरिकन रॉक गायकावर लिहायचं म्हटल्यावर घरात हसाहशी झाली! पण नातवाने ऐकवलेलं एक गाणं काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. जन्म १९४९ चा, म्हणजे साधारण माझ्याच पिढीतला. न्यू जर्सी राज्यातल्या फ्रीहोल्ड नावाच्या लहानशा गावात वाढलेला. वडिलांनी गालिचाच्या गिरणीत काम केलं, बस चालवली, तुरुंगात पहारा केला. आई वकिलांकडे नोकरी करायची. १९७५ साली 'बॉर्न टू रन' आलं आणि 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर हा एकाच आठवड्यात झळकला. १९८४ च्या 'बॉर्न इन द यूएसए'ने तर त्याला जगभर पोहोचवलं.

त्या गाण्याची गंमत ऐका. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या, कुठेच काम न मिळणाऱ्या माणसाचं ते दुखणं आहे. पण ड्रम असे दणदणीत, की अनेकांनी ते देशाभिमानाचं गाणं म्हणून डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात अध्यक्ष रेगन यांनीही न्यू जर्सीतल्या सभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांमधल्या आशेच्या संदेशाचं कौतुक केलं!

मला आवडलेलं गाणं मात्र त्याआधीचं आणि फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. १९८२ च्या 'नेब्रास्का' अल्बममधलं 'यूज्ड कार्स'. हा अल्बम म्हणजे खरं तर कच्चं काम. भाड्याच्या घरात बसून, साध्या कॅसेटवर, मुख्यतः गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन त्याने गाणी नमुन्यादाखल गाऊन ठेवली होती. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदाबरोबर ती करून पाहिली, तर जीवच जाईना त्यांत. शेवटी त्या कॅसेटवरूनच अल्बम काढला. 'बॉर्न इन द यूएसए'चं पहिलं रूपही त्याच घरातलं. ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. ते ऐकताना मात्र ते देशाभिमानाचं गाणं आहे असं वाटायची सोयच नाही.

'यूज्ड कार्स'मध्ये एक मुलगा आपल्या कुटुंबाबरोबर जुनी गाडी घ्यायला गेलाय. आई अवघडून बसलीय, बोटातल्या अंगठीशी चाळा करतेय. विक्रेत्याचं लक्ष वडिलांच्या कष्टाने रापलेल्या हातांकडे. गाडी घरी येते, शेजारीपाजारी बघायला जमतात. आणि तो मुलगा? तो मनात ठरवतो, की लॉटरी लागली की वापरलेल्या गाडीत म्हणून पुन्हा बसायचं नाही. बस, एवढंच गाणं.

मला ते का भिडलं सांगते. आपल्याकडे गरिबीवर लिहिताना आपण हटकून साखर पेरतो. 'कोंड्याचा मांडा केला, पण काय सुख होतं हो!' मीही अशा आठवणी वर्गात रंगवून सांगितल्या आहेत. हे गाणं तसलं काही म्हणत नाही. मुलाचं वडिलांवर प्रेम आहेच, पण त्याला लाज वाटतेय, रागही आलाय. आणि गाणारा त्या लाजेबद्दल मुलाला रागावत नाही.

आम्ही शिक्षकांनी मात्र तेच केलं. ई.बी.सी. सवलतीच्या मुलांची नावं मी भर वर्गात वाचून दाखवायची. उत्पन्नाचा दाखला कुणाचा यायचा राहिलाय तेही मोठ्याने. एकदा एका मुलाचे वडील तो दाखला घेऊन वर्गाच्या दारात उभे होते. तडक शेतावरून आलेले, हात मातीने भरलेले. मुलगा पटकन म्हणाला, "बाई, ते आमचे शेजारी आहेत." खरं कळल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. बापाची लाज वाटते का, असा चांगला लांबलचक उपदेश केला. तो खाली मान घालून उभा राहिला.

त्या पोराची चूक झाली असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, लाज त्याची त्याला वाटली नव्हती, ती रोज हजेरीबरोबर मीच त्याला वाटत होते. गाण्यातल्या विक्रेत्याची नजर माझ्याकडेही होती.

असो. स्प्रिंगस्टीनची मोठी गाणी जग ऐकतंच. 'नेब्रास्का'च्या जन्मकथेवर २०२५ मध्ये सिनेमाही आला. पण ज्यांना हा गायक ओळखून घ्यायचाय त्यांनी हे तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं आधी ऐकावं असं माझं मत. इंग्रजी फार अवघड नाही. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून बी.ए. झालेलीलाही दोनदा ऐकून समजलं. शिक्षक असाल तर जरूर ऐका.