कुठे सापडली, कुणी दिली

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीप्रतिमा आहे. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघालेल्या आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य इतके आहे की, सातवाहनकालीन व्यापारावर लिहिणाऱ्याला या दोघींना शेजारी ठेवावेच लागते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये गाडले गेले. त्यामुळे नेपल्सची मूर्ती त्याआधीची, हे छातीठोकपणे सांगता येते. तेरच्या मूर्तीबाबत तशी सोय नाही. तिचा काळ ठरवायचा तो घडणीवरून, दुसऱ्या मूर्तीशी तुलना करून. ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे होती, याची नोंद हाती नाही.

हे लामतुरे यांना दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. त्यांच्यापुढे नतमस्तकच व्हावे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. गावच्या टेकाडांवर मिळणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, केओलिन मातीच्या मूर्ती, दिवे, मुद्रा त्यांनी आपल्या हौसेने आणि पदराला खार लावून जमवल्या. त्या हजारो वस्तू पुढे शासनाच्या संग्रहालयाचा पाया झाल्या आणि मुख्य म्हणजे तेरमध्येच राहिल्या. तेर आज धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे गाव आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचा आणि तिथले मलमलीसह तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. ते तगर म्हणजे हेच तेर, हे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी इथल्या विटांच्या मंदिरांचे वर्णन पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात छापले. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. एवढ्या मोठ्या नगराच्या खुणा एका माणसाच्या घरी गोळा झाल्या नसत्या, तर त्या मुंबईच्या नाहीतर परदेशच्या दलालांकडे गेल्या असत्या.

त्या वस्तू वर कशा आल्या, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको. माळवदाच्या घरांना पांढरी माती लागते. पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी ती छतावर नव्याने घालावी लागते. गावाजवळ ही माती मिळण्याची हमखास जागा म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी टेकाडे खणून माती नेली आणि त्या मातीबरोबर दोन हजार वर्षांचे थर छपरांवर चढले. मागे उरलेल्या मातीतून पहिल्या पावसात मणी आणि नाणी उघडी पडत. १९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केले, नंतरही उत्खनने झाली आणि त्यांतून थरांचा क्रम हाती आला. पण त्याच्या आधी आणि नंतर जे असेच मिळत गेले, त्याला तो क्रम कसा लावायचा?

या प्रश्नाला जे थोडेफार उत्तर मिळू शकते, ते गावातल्या संग्रहालयातच मिळते. मुंबईतल्या दालनात बसलेल्या अभिरक्षकाला तेरचे एखादे टेकाड नकाशावरचा ठिपका असतो. गावातल्या म्हाताऱ्याला तिथली बोर, बांध, कोणत्या साली कुणी विहीर पाडली आणि तेव्हा काय निघाले, हे ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही काचपेटीपेक्षा मोलाचे आहे आणि ते झपाट्याने संपते आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर वस्तू निघाल्या ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की छोट्या ग्रामीण संग्रहालयाने येत्या काही वर्षांत नवी वस्तू घेण्याआधी, नवी काचपेटी करण्याआधी, आपल्याकडे आहे त्या वस्तूंची परिग्रहण नोंदवही पूर्ण करावी. बाकी सगळे थांबले तरी चालेल.

नोंद म्हणजे ‘मातीची मूर्ती, भग्न, एक’ अशी ओळ नव्हे. वस्तू कोणत्या शिवारात, कोणत्या गटात मिळाली, नांगरताना की पायाच्या खोदाईत, किती खोलवर, बरोबर आणखी काय होते, कुणी आणून दिली, केव्हा दिली आणि सांगणारा हे स्वतः पाहिलेले सांगतो आहे की ऐकलेले, इतके तरी लिहिले पाहिजे. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असेच लिहावे. शंभर वर्षांनी कुणी संशोधक ती ओळ वाचेल, तेव्हा आपल्या प्रामाणिकपणावरच त्याला उभे राहायचे आहे. वस्तूवर क्रमांक घालताना थेट शाईने लिहू नये. पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा थर, अशी पद्धत ठेवली तर पुढे तो निघू शकतो. हे फार महागही नाही.

मण्यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण चूक तिथेच सर्वाधिक दिसते. सुटे मणी बरे दिसत नाहीत म्हणून त्यांची माळ ओवली जाते. कार्नेलियन, अगेट, काच आणि शंख एकाच दोऱ्यात येतात, पाहुणे कौतुक करतात आणि चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या मण्यांची माहिती कायमची एकजीव होते. ती माळ पूर्वी कुणी कधी घातलेली नसते, ती आपण बनवलेली असते. नाण्यांचेही तेच. चिंच किंवा राख लावून घासलेले सातवाहनांचे शिशाचे किंवा पोटिनचे नाणे चकाकते, पण त्याच्यावरची अक्षरे त्या चकाकीत जातात. हस्तिदंताला तर पाण्याचे बोटही लावू नये. मे महिन्यातली मराठवाड्याची कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओल यांच्या ओढाताणीतच तो तडकतो.

कायदा माहीत हवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ठरावीक पुरावस्तूंची नोंदणी बंधनकारक केली आहे. वस्तू आणून देणारा शेतकरी बहुधा या दोन्हींना घाबरून गप्प बसतो. त्याला शेजारी बसवून, चहा देऊन, हे समजावणे हेही संग्रहालयाचेच काम आहे.

नोंदीची ही शिस्त पुरावस्तूंपुरती ठेवून भागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने याच भागातली गावे जमीनदोस्त केली. अनेक गावे नव्या जागी वसली, जुनी गावठाणे मागे राहिली. कणग्या, जाती, उखळे, दाराच्या कोरीव चौकटी दगडमातीखाली गेल्या आणि त्या वापरणारी बरीच माणसेही गेली. आज एखाद्या गावात तिफण ठेवलेली दिसते. पण चाड्यावर मूठ धरणारी बाई बी किती सोडायचे हे कशावरून ठरवत असे, हे त्या तिफणीशेजारी कुठे लिहिलेले आढळत नाही. मोटेची धाव, थारोळे, नाडा यांचीही हीच गत आहे. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोमिश यांनी उभारलेल्या ‘गोवा चित्र’मध्ये शेतीची आणि कारागिरांची अवजारे मोठ्या संख्येने एकत्र आली आहेत. आपल्याकडच्या अभिरक्षकांनी ते एकदा सवडीने पाहावे.

तेरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. हे गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे गाव आहे. चैत्रातल्या यात्रेला इथे वारकऱ्यांची दाटी होते. संग्रहालयात मांडलेल्या दोन हजार वर्षांच्या मृण्मूर्ती आणि खापरे ज्या हातांच्या परंपरेतली आहेत, त्याच परंपरेतल्या एका संताच्या समाधीला हे लोक येतात. त्या दिवसांत एखाद्या कुंभाराला संग्रहालयाच्या अंगणात चाक मांडायला बोलवावे. खापर हाताने घडवले की चाकावर, मळणीत काय मिसळले होते, आव्यात आच कमी पडली का, हे त्याला नुसत्या हाताळण्यावरून कळेल. आपल्याला ते पुस्तकांत शोधावे लागते. त्याचे म्हणणे त्याच्या नावासह नोंदवहीत लिहावे.

पैशाचा प्रश्न आहेच. इमारतीला निधी मिळतो, दिव्यांना मिळतो, उद्घाटनाच्या मांडवाला मिळतो. नोंदवही लिहिणाऱ्या माणसाच्या मानधनाला मात्र शीर्ष सापडत नाही. ही रचना चुकीची आहे आणि ती बदलावी म्हणून आपण सगळ्यांनी मिळून मागणी केली पाहिजे. अनुदानाच्या प्रत्येक प्रस्तावात नोंदणीचा खर्च वेगळा दाखवा आणि तो कापला गेला तर लेखी कारण मागा. पण तोवर हात बांधून बसायला वेळ नाही. वही, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर सुरुवात होते. गावच्या शाळेतली नववी-दहावीची मुले नीट शिकवली तर हे काम मन लावून करतात.

आपल्या नोंदवहीचा एखादा भरलेला पानभर नमुना आम्हाला पाठवा. जे नाव उघड करू नये असे सांगणाऱ्याने म्हटले असेल, ते नाव झाकून पाठवा. उपयोगी नमुने आम्ही पुढच्या अंकांत छापू, म्हणजे ज्यांची वही अजून कोरी आहे त्यांना सुरुवात करता येईल.