पट्टा पडेपर्यंत

माझी एक मैत्रीण हिंजवडीत जॉबला आहे. मॅटर्निटी लीव्ह संपवून नुकतीच रुजू झाली होती, तेव्हाची गोष्ट. तिचं आठ महिन्यांचं पिल्लू दिवसभर पाळणाघरात. पाळणाघराचं अ‍ॅप मोबाइलवर असतंच. मीटिंग सुरू असताना ती टेबलाखाली हळूच अ‍ॅप उघडायची, लेक झोपलीय की रडतेय ते बघायची. एकदा कॉफी पिता पिता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, 'नऊ तास गं! रोज नऊ तास मी तिच्यापासून लांब असते.'

मी तिची समजूत काढली, टिश्यू दिला आणि माझ्या कॉफीत साखरेची आणखी एक पुडी रिकामी केली.

त्यानंतर आठवडाभरातच एका स्टोरीसाठी बीड जिल्ह्यातल्या एका गावात गेले. जानेवारीचे दिवस होते. बालाघाटच्या डोंगरातलं छोटंसं गाव. बऱ्याच घरांना कुलपं. पारावर म्हातारी माणसं, रस्त्यावर शाळकरी पोरं आणि मधलं वय जणू गावातून गायबच! कुणालाही विचारा, उत्तर एकच, 'कारखान्याला गेलेत.'

कारखान्याला म्हणजे ऊस तोडायला. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात आणि लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला की. पट्टा पडणं म्हणजे गाळप संपणं. आपल्याकडे वर्ष जानेवारीत सुरू होतं किंवा अप्रेझलला. इथलं वर्ष पट्टा पडल्यावर सुरू होतं.

ज्या घरी मी उतरले, तिथे एक आजी, सातवीतली नात आणि दुसरीतला नातू. आईबाप कोल्हापूरकडे तोडीला. घरात मोबाइल एकच आणि रेंज फक्त खिडकीत. त्यामुळे संध्याकाळ झाली की मोबाइल खिडकीत आणि तिन्ही डोकी त्याच्या आसपास.

'आईचा फोन किती वाजता येतो?' मी विचारलं.

'गाडी भरून झाली की, ताई.'

तोडलेला ऊस लवकर कारखान्यात गेला नाही तर त्याचं वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून पहाटे अंधारात तोड सुरू होते आणि वाहन आलं की रात्रीबेरात्रीही मोळ्या डोक्यावर घेऊन भरावं लागतं. फोन कधी नऊला येतो, कधी बाराला, कधी येतच नाही. आलाच तर तीन-चार मिनिटांचा, कारण पलीकडची बाई उभ्या उभ्या झोपायला आलेली असते.

यावर या मुलीने मस्त फंडा काढलाय. वहीच्या शेवटच्या पानावर ती यादी करते. भावाचा दात पडला. गणितात १८ मिळाले. आजीचा गुडघा सुजला. फोनवर भराभर वाचून दाखवायचं आणि सांगून झालं की टिक करायची. आपल्या टु-डू लिस्टसारखंच अगदी.

आता तुमच्या मनात येईल, निदान आईने तरी घरी थांबावं ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण तोडीचा हिशोबच जोडीने होतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो, ती लाखाच्या पुढेही जाते आणि मग दोघांनी मिळून ती फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. बायको घरी राहिली तर कोयता अर्धा होतो आणि उचलही.

मुलांना सोबत न्यावं तर ऐन वर्षात शाळा सुटते. राहायचं फडाजवळच्या कोपीत आणि दहा वर्षांच्या ताईने दोन वर्षांचा भाऊ सांभाळायचा. मागे ठेवावं तर सगळा भार आजीवर. सुजलेल्या गुडघ्यासकट.

तिसरा मार्ग कागदावर आहे. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर भर आला तो मुलांना गावातच ठेवून शिकवण्यावर. त्यासाठी शाळेतर्फे हंगामी वसतिगृहं असतात. काही गावांत मुलं शाळेत जेवतात आणि झोपायला नातेवाइकांकडे जातात. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही मंजूर केली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. योजनांची कमी नाही. घोडं अडतं ते तारखेवर. ट्रक दसऱ्याला निघतो. मंजुरी आणि पैसे मात्र कित्येकदा त्यानंतर येतात.

गावातले गुरुजी म्हणाले, 'मॅडम, ट्रक गेल्यावर हॉस्टेल उघडून काय उपयोग? ज्याला घरात आजी नाही, ते लेकरू तोवर ट्रकात बसलेलं असतं.'

आणि ज्यांना आजी आहे, त्यांचं तरी सगळं ठीक आहे का?

नात बाहेर भांडी घासत होती तेव्हा आजी हळूच म्हणाली, 'पोरगी उंच झाली बाई. रातचं जरा खुट्ट झालं की मी उठून बसते. मला काय झालं तर हिच्याकडं कोण बघंल? एक स्थळ आलंय. पट्टा पडला की बघू म्हणतो तिचा बाप.'

मुलगी १३ वर्षांची आहे!

मी कायदा सांगितला, १८ वर्षांचा. आजीने शांतपणे ऐकून घेतलं. कायदा काही रात्री दाराशी झोपायला येणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. शिवाय लग्न झालं की नवी जोडी, नवा कोयता, नवी उचल. पोरीला मुक्कामाला एक सुरक्षित खोली मिळाली असती, तर या स्थळाचा विषय कदाचित निघालाच नसता. हॉस्टेल म्हणजे फक्त अभ्यासाची सोय, असं मी समजत होते. इथे ते कुणाचं तरी लग्न थांबवू शकतं.

त्या रात्री फोन आला पावणेअकराला. ती भराभर वाचत गेली. दात, गणित, गुडघा... मध्येच रेंज गेली. दोन गोष्टी टिक करायच्या राहिल्या. मी विचारलं, 'आई कधी येणार, हे नाही लिहिलंस?' ती म्हणाली, 'ते माहितीय ना, ताई.' आलेल्या स्थळाबद्दल यादीत काहीच नव्हतं. तिला कळलंय की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुण्यात आल्यावर मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'माझं दुःख फालतू होतं का गं?' अजिबात नाही. लेकरापासून लांब राहणं कुणालाच सोपं नसतं. फक्त तिच्याकडे अ‍ॅप आहे, पगारी रजा होती आणि संध्याकाळी सहाला घरी जायचा रस्ता आहे.

'मग आपण काय करायचं? साखर सोडायची?'

साखर सोडून त्या मुलीला काय मिळणार? पण तिच्या कंपनीत सीएसआरची टीम आहे. दरवर्षी दप्तरं वाटतात, फोटो काढतात. तिने त्यांना मेल टाकलाय, दप्तरं राहू द्या, एखाद्या गावात मुलींच्या हॉस्टेलसाठी वॉर्डनचा पगार द्याल का? आणि तो दसऱ्याच्या आधी द्याल का? तुमच्याही ऑफिसात अशी टीम असेल तर हा मेल तुम्हीही टाकू शकता.

उत्तर अजून आलेलं नाही. ती रिमाइंडर टाकणार आहे आणि मी गुरुजींना फोन करत राहणार आहे. पट्टा पडायच्या आत.