हलका लॅपटॉप आणि निर्लेखनाचा प्रश्न

म्हैसूरमधील माझ्या टेबलावर थिंकपॅड एक्स-200 हा लॅपटॉप आहे. हे प्रारूप 2008 साली बाजारात आले. यंत्र माझे खाजगी आहे. ते पाहून एका कनिष्ठ सहकाऱ्याने परवा विचारले, "सर, हे इतकी वर्षे चालते, मग कार्यालयातील लॅपटॉपचे निर्लेखन आपण एवढ्या लवकर का करतो?" प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

प्रथम गुण पाहू. लहान बॅटरीसह याचे वजन सुमारे 1.35 किलो आहे. दौऱ्यावर नेण्यास ते आजही जड नाही. कळफलक उत्तम आहे, आणि ज्याचे मुख्य काम टिपणी व मसुदे लिहिण्याचे, त्याला तेच महत्त्वाचे. मी इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन करतो. या पद्धतीत मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकाच कळीवर येतो. परप्रांतात नोकरी करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय काही स्क्रू काढून या यंत्राची डिस्क व मेमरी बदलता येते. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी मूळ पट्टीलाच जोडलेली असते. ती वाढविता येत नाही.

आता मर्यादा. पडदा 12.1 इंचाचा आहे. त्यावर मोठा तक्ता व टिपणी शेजारी शेजारी मावत नाहीत. दूरदृश्य बैठकीत जुन्या प्रोसेसरची दमछाक होते. परंतु या केवळ गैरसोयी झाल्या.

खरी मर्यादा सुरक्षेची आहे. विंडोज 7 ची सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने जानेवारी 2020 मध्ये थांबली, विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 रोजी. विंडोज 11 च्या अटींत हे यंत्र बसत नाही. लिनक्स घातल्यास अद्यतने मिळत राहतात, पण कार्यालयाचे पोर्टल व डिजिटल स्वाक्षरी त्यावर चालते का, हे आधी तपासावे लागते.

म्हणून निर्णय यंत्राच्या वयावर नव्हे, कामावर ठरावा. मसुदा, वाचन, प्रशिक्षण यांसाठी जुने यंत्र अवश्य वापरावे. नागरिकांची जमीन, निवृत्तिवेतन वा आरोग्य यांची माहिती मात्र अद्यतने थांबलेल्या यंत्रावर ठेवू नये. कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पात सुमारे 2 कोटी जमीन-अभिलेख संगणकावर आले. अशा कामात यंत्रे बदलत राहतात, अभिलेख मात्र टिकला पाहिजे आणि सुरक्षित राहिला पाहिजे. त्यातील चुकीची किंमत शेतकरी मोजतो, अधिकारी नव्हे.

माझी सूचना साधी आहे. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत खरेदीच्या तारखेशेजारी 'सुरक्षा-अद्यतनांची अंतिम तारीख' असा एक रकाना असावा. ती तारीख आली की यंत्राचे काम बदलावे. यंत्र लगेच भंगारात काढण्याची गरज नाही. शेवटी निर्लेखन करताना डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसावी आणि ई-कचरा नियम, 2022 प्रमाणे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावे.

सहकाऱ्याला मी एवढेच सांगितले : हा लेख मी याच लॅपटॉपवर लिहितो, कार्यालयाची एकही नस्ती त्यावर उघडत नाही.